गोव्यात पाडलेला रुपिया

गुरुवार, आंबोलीमार्गे पणजी

पोर्तुगीज अमलातल्या गोव्याची चांदीची नाणी मी बऱ्याच वर्षांपासून जमवतोय. १८८१ चा रुपिया आहे, त्याच साली निघालेली अधेली आणि पावली आहे, राजेशाही गेल्यानंतरचा १९१२ चा रुपिया आहे, १९३५ आणि १९४७ चेही आहेत. अल्बम बघणारा ‘वा, गोव्याची नाणी!’ म्हणतो आणि मी मान डोलावतो. खरं सांगायचं तर त्यातलं एकही नाणं गोव्यात पाडलेलं नाही. १८८१ ची सगळी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या टांकसाळीतून आली आणि १९१२ पासूनची लिस्बनहून. गोव्याची स्वतःची टांकसाळ १८६९ मध्येच बंद पडली. मांडवीच्या काठी पाडलेला एक तरी रुपिया मिळावा म्हणून ही फेरी.

सोबतीला हुपरीचे अण्णा. हुपरी म्हणजे आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातलं चांदीचं गाव; घरटी पैंजण, जोडवी, घुंगरं. अण्णांच्या वडिलांच्या काळात राणीछाप रुपये आटणीला यायचे. चांगल्या कसाची चांदी, भेसळीची भीती नाही, म्हणून कारागीर खूश असायचे. मी हे ऐकून दरवेळी हळहळतो आणि अण्णा दरवेळी म्हणतात, “सर, तुम्ही ठेवून घेतलं असतं तर पैंजण कशाचं केलं असतं?” नाण्यात मी साल बघतो, ते कस बघतात. अशा खरेदीला असाच माणूस बरोबर हवा.

आंबोलीच्या घाटात धुकं, सावंतवाडीत चहा, बांद्यापुढं गोव्याची हद्द आणि लगेच पेडणे. पेडणे १७८८ मध्ये सावंतवाडीकरांकडून पोर्तुगिजांकडं गेलं. गोव्यात या उशिरा आलेल्या मुलखाला ‘नव्या काबिजादी’ म्हणतात. नाण्यांच्या दृष्टीनं त्याला अर्थ आहे. बारदेस, तिसवाडी, साष्टी हे तालुके सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांकडं होते. पेडणे-डिचोलीकडं मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत वरच्या मुलखातलं चलन चालायचं. त्यामुळं तिकडच्या घरांतल्या डब्यात काय निघेल याचा नेम नसतो.

पणजीत उतरल्यावर जेवणाआधीच मोठ्या पोस्टाकडं गेलो. पोस्टाजवळच्या साँव तोमे भागात ‘काझा दा मुएदा’ आहे, म्हणजे जुनं टांकसाळ-घर. एकोणिसाव्या शतकात काही वर्षं इथं नाणी पाडली जात. आता ते खासगी घर आहे. आत जाता येत नाही, बाहेरून बघायचं. उतरतं कौलारू छप्पर, रस्त्याला लागून लांबट भिंत, उंच खिडक्या. अण्णांनी आधी धुराड्याची जागा शोधली. भट्टी कुठं असेल, पाणी कुठून आणत असतील, राखणदार कुठं बसत असेल, असं त्यांचं चाललं होतं. मला ते सुचलं नसतं. टांकसाळ म्हटलं की आपण साचा आणि छाप एवढंच धरतो. अण्णांच्या मते टांकसाळ म्हणजे पहिल्यांदा भट्टी, मग काटा, आणि छाप सगळ्यात शेवटी.

ही टांकसाळ इथं आली तो काळही मोठा धामधुमीचा. पोर्तुगालमधलं यादवी युद्ध १८३४ मध्ये संपलं आणि दुसरी मारिया राणी झाली. जानेवारी १८३५ मध्ये बेर्नार्दु पेरिस द सिल्वा हा गोव्यातच जन्मलेला माणूस प्रीफेक्ट म्हणून कारभारावर बसला. इथल्या मातीतल्या माणसाच्या हातात गोव्याची सत्ता येण्याची ती पहिलीच वेळ. जेमतेम अडीच आठवड्यांत बंडाळी झाली आणि त्याला जावं लागलं. पणजी अधिकृत राजधानी झाली ती १८४३ मध्ये. म्हणजे इथं मारियाचे रुपिया पाडायला लागले तेव्हा गावाचं राजधानीपण कागदावर यायचं होतं.

रात्री मासळीचं जेवण. अण्णा शाकाहारी, त्यांनी सोलकढी आणि भातावर भागवलं.

शुक्रवार, म्हापसा

जुन्या गोव्याचं पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं आणि म्हापशाचा बाजार शुक्रवारीच भरतो. त्यामुळं बेत आपोआप ठरला.

मिरच्या, मातीची भांडी, चवरीस, मोठाल्या केळीचे घड यातून वाट काढत मागच्या अंगाला गेलं की जमिनीवर चादर पसरून बसलेले जुन्या वस्तूवाले दिसतात. कुलपं, घड्याळं, पितळी दिवे, आणि एका ताटात नाणी. ताटातला अर्ध्याहून अधिक माल बनावट होता. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी तो उद्या विकत घेणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिला नमुना सगळ्यांच्या ओळखीचा. एका बाजूला ‘ईस्ट इंडिया कंपनी’ आणि १८१८ साल, दुसरीकडं रामदरबार किंवा हनुमान. कंपनीनं असं नाणं कधी काढलंच नाही. सगळ्या हिंदुस्थानासाठी एकसारखं नाणं कंपनीनं सुरू केलं ते १८३५ मध्ये. हे गंडे-ताईत म्हणून विकायला बनवलेले तुकडे आहेत. यांचेच भाऊबंद ‘तांदूळ ओढणारं नाणं’ म्हणून लाखालाखाला विकले गेलेत आणि शिकलेली माणसं त्यात बुडालीत. विक्रेत्यानं आम्हालाही तांदळाचा इशारा केला. अण्णा म्हणाले, “आमच्याकडं तांदूळ रेशनवर मिळतो.”

दुसरा नमुना जास्त धोक्याचा. ‘स्पॅनिश डॉलर, मेक्सिकोची चांदी, बोटीतनं आलेली.’ गोष्ट पूर्ण खोटी नाही. अमेरिकेतल्या स्पॅनिश खाणींची चांदी लिस्बनमार्गे खरोखरच गोव्यात यायची. इथल्या टांकसाळीत ती वितळवून नाणी पाडत, आणि सबंध पश्चिम किनाऱ्यावर स्पॅनिश आठ रियालची नाणी सराफांच्या पेढीवर तोलली जात. विक्रेत्याला एवढा इतिहास बहुधा पाठ होता. खऱ्या आठ रियालचं वजन सत्तावीस ग्रॅमच्या आसपास भरतं. हा तुकडा काट्यावर ठेवला तर वीसही भरेना, आणि चुंबक लावल्यावर टपकन चिकटला. विक्रेता गडबडला नाही. “चुंबकाला सगळंच चिकटतं दादा,” म्हणाला आणि ताट दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं वळवलं.

ताटातल्या खऱ्यांत १९४७ चा आणि १९३५ चा असे दोन रुपिया निघाले. अण्णांनी नातीसाठी म्हणून दोन्ही घेतले. पंधरा मिनिटं घासाघीस चालली आणि शेवटी विक्रेत्यानं वर एक पितळी बटण दिलं.

या दोन नाण्यांवर मी अख्खी संध्याकाळ घालवली, कारण वरवर ती सख्खी भावंडं वाटतात. दोन्हींवर तीच पोर्तुगीज प्रजासत्ताकाची मुद्रा, तेच ‘इश्तादु दा इंडिया’, दोन्ही बारा-बारा ग्रॅमची. फरक पोटात आहे. १९३५ च्या नाण्यात बारा भागांत अकरा भाग चांदी, १९४७ च्या नाण्यात निम्मी. लॉजवर चहाचा ग्लास पाण्यानं भरला, तो खिशातल्या काट्यावर ठेवून आकडा शून्यावर आणला. नाणं दोऱ्यानं बांधून पाण्यात असं सोडलं की बुडालं पाहिजे पण तळाला टेकता कामा नये. काटा तेव्हा नाण्याचं वजन दाखवत नाही, नाण्यानं बाजूला सारलेल्या पाण्याचं दाखवतो. १९३५ चं नाणं : १.१६. दोरा सोडवला, १९४७ चं बांधलं : १.२४. बाराला या आकड्यांनी भागा. पहिल्याची घनता साडेदहाच्या खाली थोडी, दुसऱ्याची पावणेदहाला टेकत नाही. शुद्ध चांदीची साडेदहाला जरा कमी, तांब्याची नऊच्या आसपास, म्हणजे दुसऱ्यात तांबं किती ते तिथंच कळतं. कसोटीचा दगड नको, आम्ल नको, नाण्याला ओरखडा नाही. अण्णांनी पन्नास वर्षं कसोटीवर चांदी घासली. त्यांनी हा प्रयोग मला पुन्हा करायला लावला, मग स्वतः केला, आणि मग लॉजच्या पोऱ्याला बोलावून दाखवला.

१९४७ च्या त्या निम्म्या चांदीचीही एक गंमत आहे. ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थानातल्या रुपयाची चांदी १९४० मध्ये निम्म्यावर आणली आणि १९४७ मध्ये रुपया सरळ निकेलचा केला. म्हणजे देश स्वतंत्र झाला त्या वर्षी आपल्या नव्या रुपयात चांदी औषधालाही नव्हती, आणि हद्दीपलीकडं सालाझारच्या गोव्यात निम्म्या चांदीचा रुपिया निघत होता. तो थाटही फार टिकला नाही. १९५२ पासून तिथला रुपियाही तांबं-निकेलचा झाला. १९५८ चं साल घेऊन एस्कुदो आला, सहा एस्कुदोंना एक रुपिया असा भाव ठरला, आणि १९ डिसेंबर १९६१ ला सगळंच संपलं.

शनिवार, जुनं गोवें

सकाळी बॉम जेझू चर्चपुढं बसगाड्यांची रांग. आम्ही आधी उलट्या बाजूला, सेंट कॅथरिनच्या छोट्या कपेलाकडं गेलो. तिथं जवळजवळ कुणी नसतं. पोर्तुगीज सेनानी आल्बुकेर्कनं २५ नोव्हेंबर १५१० ला गोवा दुसऱ्यांदा आणि कायमचा घेतला. तो कॅथरिनचा सण, म्हणून ती शहराची राखणदार ठरली. तिला काट्यांच्या चाकावर मारायचं ठरवलं होतं आणि चाकच मोडलं, अशी तिची कथा. ते चाक पुढं गोव्याच्या नाण्यांवर आलं. बाजारात भाजीपाल्याला चालणारे ‘बाझारुकु’ नावाचे हलके तुकडे असत. त्यांतल्या कितीतरींवर दुसरं काही वाचता येत नाही, चाक तेवढं दिसतं. अण्णांनी नातीसाठी घेतलेला १९३५ चा रुपिया तिथंच बाहेर काढून बघितला, तर वसाहतीच्या ढालीत तेच चाक. चार शतकं त्यांनी ते सोडलं नाही.

शहर घेतल्यावर आल्बुकेर्कनं त्याच वर्षी इथं टांकसाळ घातली आणि सोनं, चांदी, तांबं या तिन्हींची नाणी काढली. चांदीच्या नाण्यावर मानुएल राजाचं चिन्ह, खगोलाचा कड्याकड्यांचा गोल. म्हणून त्याचं नावच ‘एस्फेरा’. असलं नाणं आमच्यासारख्याच्या हाती लागणं कठीण. चित्रातच बघायचं.

पुढच्या शतकांतला शेराफिम मात्र निदान स्वप्नात येऊ शकतो. ओबडधोबड चांदीचा तुकडा, वाटोळाही धड नाही, एका बाजूला क्रूस आणि क्रुसाच्या चार कोनांत सालाचे चार आकडे, एकेका कोनात एकेक. आकडे वाचायला कुठून सुरुवात करायची हे समजलं की मजा येते. कड बहुधा कातरलेली, एखादा आकडा नाण्याबाहेर गेलेला. साधारण १७२५ नंतर चांदीचा रुपिया आला आणि हिशेब बसला : तीनशे रेईसचा (रेईस म्हणजे पोर्तुगीज हिशेबातलं सगळ्यात लहान एकक) एक शेराफिम, दोन शेराफिमांचा एक रुपिया. म्हणजे वरच्या बाजूला युरोपातला राजा आणि हिशेबात आपला रुपया.

संग्रहालयात वरच्या मजल्यावर व्हाइसरॉय आणि गव्हर्नरांची तैलचित्रं आहेत. दों जुआंव द काश्त्रुनं १५४७ मध्ये ही प्रथा सुरू केली आणि पुढचे लोक आपापलं चित्र लावत गेले. जरतारी कोट, हातात दंड, दाढ्या नीट. अण्णांनी एक मार्मिक प्रश्न विचारला : “सर, नोकरांची एवढी झकास चित्रं, मग नाण्यावर राजा असा सुजलेला का?” खरं आहे. गोव्याच्या रुपियावरचा पहिला जुझे किंवा पहिली मारिया बघा. नाक एकीकडं, डोळा कानाच्या रांगेत, केस म्हणजे ठिपके. राज्य करणारा कुठलाच पोर्तुगीज राजा गोव्यात आला नाही. साचा कोरणाऱ्यानं त्याला कधी पाहिलेला नसायचा. समोर असेल तर दुसरं एखादं नाणं. लिस्बनच्या सुबक नाण्यापेक्षा मला हाच सुजलेला राजा आवडतो, कारण त्याच्यामागं इथला कुणीतरी माणूस छिन्नी घेऊन बसलेला दिसतो.

दुपारी ऊन फार झालं. से कॅथेड्रलच्या उरलेल्या एका मनोऱ्याच्या सावलीत (दुसरा १७७६ मध्ये पडला) बसून लिंबू-सोडा घेतला आणि परत फिरलो.

रविवार, डिचोली

सगळं बंद. माझ्या एका जुन्या सहकाऱ्याची आत्या डिचोलीला असते. तिनं दिवाळीतल्या पूजेचे रुपये दाखवायला बोलावलं होतं.

“येयात, बसात,” म्हणून आत्यांनी पाटच मांडले. आधी शिरा, मग चहा, मग डबा. डबा म्हणजे जुना बिस्किटांचा पत्र्याचा, त्यात फडकं, फडक्यात रुपये. राणीछाप होते, पाचवा जॉर्ज होता, सातवा एडवर्ड (अण्णा त्याला टकल्या म्हणतात) होता, आणि त्यांच्यातच मिसळून पोर्तुगालच्या लुईश राजाचे १८८१ चे रुपिया. हिंदुस्थानी आणि पोर्तुगीज असा भेद डब्यात नव्हताच. दोन्हींचं वजन सारखं, कस सारखा, पूजेला दोन्ही चालतात.

एक लुईश मी भिंगाखाली धरला. दरवर्षीच्या लक्ष्मीपूजनाचं हळदकुंकू अक्षरांच्या खाचांत बसून घट्ट झालेलं. ‘लुदोविकुस’ मधल्या अक्षरांत पिवळं, राजाच्या कानाच्या पाळीत लाल, आणि गालावर मात्र चांदी काळसर निळी पडलेली. बाजारात याला कुणी फार मोल देणार नाही. मला विचाराल तर याहून सुंदर लुईश मी पाहिलेला नाही.

आत्यांनी विचारलं, “काळे पडलेत, चिंच लावून लख्ख करू का?” अण्णांचे हात शिवशिवले, त्यांचा धंदाच तो. मी हात जोडले. नाण्यावरचा काळसर थर हा चांदीचा वरचा पापुद्रा असतो. चिंच, लिंबू, भांडी घासायची पावडर, दंतमंजन यांपैकी काहीही लावलं की चांदी चमकते खरी, पण अक्षरांच्या कडा बोथट होतात आणि बारीक ओरखडे कायमचे राहतात. जाणकार ते लांबून ओळखतो आणि किंमत उतरते. फार तर साध्या पाण्यानं धुऊन टिपून घ्यावं.

“हें विकपाचें न्हय हां,” आत्यांनी निघताना उगाच बजावलं. आम्ही विचारलंही नव्हतं. मला वाटतं कुणीतरी आधी येऊन विचारून गेलं असावं. घरोघर फिरून चांदीच्या भावानं रुपये गोळा करणारे लोक या भागात येतात, आणि भाव चढला की जास्त येतात. अशा खरेदीतून आलेलं बहुतेक सगळं शेवटी भट्टीत जातं. हे लिहिताना अण्णा शेजारी बसलेत, त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, “बरोबर आहे, लिहा.”

बोलता बोलता आत्यांनी शेजारच्या घरची गोष्ट सांगितली. त्या घरचे दागिने पोर्तुगीज बँकेत गहाण होते. १९६१ मध्ये बँकेनं गोव्यातलं गहाणाचं सोनं लिस्बनला हलवलं, आणि ते परत आलं १९९१ मध्ये. बांगड्या आल्या तेव्हा ज्या मुलीसाठी केल्या होत्या तिच्या मुलीचं लग्न झालेलं होतं.

सोमवार, मडगाव

मडगावला रेल्वेनंच गेलो, कारण त्या रुळांचा आणि माझ्या अल्बममधल्या लुईशचा जन्म एकाच कागदातून झाला. २६ डिसेंबर १८७८ ला ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. मुरगाव बंदरापासून ब्रिटिश हद्दीपर्यंत रेल्वे व्हायची, दोन्हीकडची जकात एक व्हायची, गोव्यातल्या मिठाचा ताबा ब्रिटिशांकडं जायचा, त्याबदल्यात पोर्तुगालला वर्षाला चार लाख रुपये, आणि गोव्याची नाणी ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयाच्या वजनाची नि कसाची, त्यांच्याच टांकसाळीतून. म्हणून १८८१ चा लुईश ११.६६ ग्रॅमचा, विक्टोरियाच्या रुपयाशी गुंजभरही फरक नाही. पूर्वीच्या सहाशे रेईसच्या रुपियाऐवजी आता सोळा तांगांचा एक, आपल्या सोळा आण्यांसारखा. राजा पोर्तुगालचा, बाकी सगळं कलदार, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानच्या रुपयासारखं. मिठागरं गेली त्या गावांनी या कराराला शिव्या दिल्या आणि त्या रास्तच होत्या. जानेवारी १८९२ मध्ये करार संपला. १८८२ नंतर चांदीचा नवा रुपिया पडला तो थेट १९१२ मध्ये.

या सगळ्यात गोव्याची आधीची चांदी कुठं गेली? बरीचशी आटली. निरनिराळ्या वजनांची, कातरलेली, झिजलेली नाणी. बाजाराला कलदार मिळाल्यावर ती सांभाळणार कोण? त्यातून उरलेली चांगली नाणी आज लिस्बनच्या लिलावांत दिसतात. मडगावात शोधायला जाणं म्हणजे तसं उलटंच.

जुन्या बाजाराकडच्या एका गल्लीत एक वयस्क सराफ आहेत, त्यांच्याकडं पूर्वी एकदा गेलो होतो. दुकानात दोन खुर्च्या, एक काचेचं कपाट आणि गणपतीच्या तसबिरीशेजारी सेंट अँथनी. “काय शेट, जुनं काही?” म्हटल्यावर त्यांनी आधी आम्हाला १८८१ ची दोन-आण्याएवढी ‘ओइताव्हु’ दाखवली. छान होती, पण वरच्या कडेला खरवडल्यासारखं दिसत होतं. अण्णांनी न बोलता नखानं ती जागा दाखवली : कडी काढून टाका घासलेला. कुणीतरी ती गळ्यात घातली होती. ठेवून दिली.

मग शेटनी गल्ल्याच्या आतून कागदाची पुडी काढली. त्यात एक रुपिया. बाईचा चेहरा, मागं मुकुटाखाली पोर्तुगालची ढाल, कडा एकसारखी नाही, आणि साल निम्मं गेलेलं : १८ स्वच्छ, पुढं चारसारखा एक आकडा, शेवटचा नाहीच. दुसरी मारिया. पणजीच्या किंवा फार तर जुन्या गोव्याच्या टांकसाळीतली, पण गोव्यातलीच; ‘गोवा’ ही रोमन अक्षरं भिंगाखाली वाचता येत होती. काट्यावर १०.८४. आपल्या कलदारापेक्षा हलकी, तशी असायलाच हवी.

चेहऱ्यावर मात्र दोन खुणा होत्या, एक गालावर आणि एक मानेजवळ. बारीक पोगराचे ठोके. माझ्यासारखा संग्राहक इथं नाक मुरडतो, कारण यादीत लगेच ‘सराफी खुणा’ लिहावं लागतं आणि किंमत अर्ध्यावर येते. अण्णांनी नाणं माझ्या हातातनं घेतलं, उजेडाकडं वळवलं, आणि बराच वेळ दिलं नाही. “हे बघा, दोन्ही ठोके वेगळ्या हातचे. हा खोल गेलाय, ह्यानं आत तांबं निघतंय का बघितलंय. हा नुसता टेकवलाय, ह्यानं पहिल्याची खूण बघून विश्वास ठेवलाय आणि आपली सही केलीय.” शेटनी मान हलवली. “तेच. दोघांनी तपासून घेतलेलं आहे, तिसऱ्यानं कशाला शंका घ्यावी?”

भावाचं सांगायचं तर शेटनी साडेनऊ हजार म्हटलं. खुणा नसत्या तर ते आकडा आणखी चढवते. मी सहापासून सुरुवात केली. लिस्बनचे लोक फोनवर विचारतात, असं शेट म्हणाले. मी म्हटलं, विचारू देत, शंभर वर्षांपुढचं नाणं १९७२ च्या कायद्यानं देशाबाहेर नेता येत नाही. ते हसले. चहा आला. अण्णा मध्येच चांदीच्या भावावर घसरले, अकरा ग्रॅमला एवढे कसे, म्हणाले, तेव्हा मी त्यांच्या पायावर पाय ठेवला. साडेसात हजारांवर ठरलं. शेटनी पावती दिली, तीवर ‘चांदीचं जुनं नाणं, एक’ एवढंच लिहिलं. मी वर वजन लिहून घ्यायला लावलं. पावती नाण्याइतकीच जपावी; उद्या कुणी विचारलं, आपण विकायचं ठरवलं, किंवा आपल्यामागं मुलांना हे काय आहे ते कळायला हवं असलं, तर तोच आधार असतो.

दुपारच्या गाडीनं सावंतवाडीकडं निघालो. रुपिया मऊ पाकिटात, पाकीट डबीत, डबी आतल्या खिशात. नोंदवही काढली आणि लिहिलं : रुपिया, दुसरी मारिया, गोवा टांकसाळ, साल १८४–, वजन १०.८४, सराफी खुणा दोन, वेगळ्या हातांच्या (अण्णांचं मत), मडगाव. पुढच्या रकान्यात किंमत लिहायला लागलो तर अण्णांनी पेन धरलं.

“तेवढं कोरं ठेवा सर. वहिनी वाचतात.”